कोरियन मालिका बघताना कपडे कसे वाचायचे

‘द रेड स्लीव्ह’ ही २०२१ सालची मालिका मी पहिल्यांदा बघायला घेतली तेव्हा तिच्या नावाचा विचारही केला नव्हता. लाल बाही, असेल काहीतरी काव्यात्म, इतकंच मनात आलं. बरेच भाग झाल्यावर उलगडा झाला. जोसन या जुन्या कोरियन राजवटीच्या काळात राजवाड्यातल्या सेविकांच्या बाहीच्या टोकाला लाल पट्टी असायची आणि त्या पट्टीचा अर्थ होता, ही बाई राजाची. तिला बाहेर कुणाशी लग्न करता येत नाही. नायिका डॉक-इम चहाचं तबक उचलते, पुस्तकाची नक्कल उतरवते, मैत्रिणींशी खिदळते, आणि प्रत्येक वेळी तिच्या मनगटाशी ती पट्टी दिसत असते. ‘मला माझ्या मनाप्रमाणे जगता येईल का’ हा तिचा प्रश्न तिच्या बाहीवरच शिवलेला होता. मी मालिका थांबवली आणि पहिल्या भागापासून पुन्हा सुरू केली.

सबटायटल्समधून संवाद कळतात, कपडे कळत नाहीत. कोरियन प्रेक्षकाला ते सांगावे लागत नाहीत. हिरवा चुडा भरलेली मुलगी पडद्यावर आली की आपल्याला काही समजावून सांगावं लागत नाही, तसंच. हा लेख ज्यांनी नुकत्याच कोरियन मालिका बघायला घेतल्यात त्यांच्यासाठी आहे. काय बघायचं, कोणत्या क्रमानं बघायचं आणि कुठे फसगत होते, ते सांगते.

पहिली पायरी: आधी काळ ठरवा

मालिका ऐतिहासिक आहे की आजची, हे तर लगेच कळतंच. ऐतिहासिक मालिकेला कोरियात ‘सागुक’ म्हणतात. सागुक असेल तर राजवट कुठली ते बघा. बहुतेक सागुक जोसन राजवटीतल्या असतात, म्हणजे १३९२ ते १९१० या पाचशे वर्षांतल्या. त्याआधीच्या गोर्यो किंवा सिल्ला काळावरही मालिका आहेत, पण तिथले पोशाख वेगळे असतात आणि खाली दिलेल्या खुणा तिथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. नवख्यानं जोसनपासून सुरुवात करावी.

चार-पाच शब्द पाठ असले की पुरे. पारंपरिक पोशाख म्हणजे हानबोक. वरचा आखूड अंगरखा चोगोरी, बायकांचा घेरदार घागरा चीमा, पुरुषांची सैल विजार बाजी. चोगोरी छातीशी बांधायचे दोन लांब बंद म्हणजे गोरुम.

गळ्याशी एक अरुंद पांढरी पट्टी असते, तिला दोंगजंग म्हणतात. माझी मावशी ब्लाउज शिवायची. एकदा माझ्याबरोबर बसली असताना गोष्ट सोडून तिनं ही पट्टीच हेरली. म्हणाली, “ही वरून धावदोऱ्यानं लावलीय गं. मळली की उसवून दुसरी लावत असणार.” नंतर मी शोधलं तर अगदी तसंच निघालं. तेव्हापासून मी गरीब घरातलं पात्र आलं की आधी ही पट्टी बघते. कपडा विरलेला, ठिगळ लावलेला, पण गळ्याची पट्टी पांढरीशुभ्र असेल तर त्या घरात कुणीतरी रात्री दिव्यापाशी बसून ती बदलतंय, हे कळतं.

दुसरी पायरी: चेहऱ्याच्या आधी डोकं बघा

जोसन काळातली सगळ्यात भरवशाची खूण डोक्यावर असते. कपडे उसने आणता येतात, चोरता येतात, पण केसांची बांधणी माणसाचं वय, लग्न आणि दर्जा सांगते.

पुरुषांपासून सुरू करू. अविवाहित मुलाची पाठीवर एक वेणी असते. प्रौढ झाल्याचा विधी किंवा लग्न झालं की केस वर घेऊन माथ्यावर गाठ बांधतात, तिला सांगतू म्हणतात. वय वाढलं आणि लग्न झालं नाही तर वेणी तशीच राहते, आणि चाळिशीच्या गड्यालाही लोक पोरगाच समजतात. मालिकेत वेणीवाला मोठा माणूस दिसला की त्याच्या परिस्थितीनं त्याचं लग्न होऊ दिलेलं नाही, हे समजून घ्या. गाठ बांधल्यावर कपाळाभोवती घोड्याच्या केसांची जाळीदार पट्टी येते, ती मांगगन.

त्यावर गात. घोड्याचे केस आणि बांबूच्या बारीक काड्यांपासून विणलेली, रुंद काठाची, जवळजवळ आरपार दिसणारी काळी टोपी. २०१९ साली ‘किंगडम’ आली तेव्हा झोंबींच्या बरोबरीनं या टोप्यांचीही जगभर चर्चा झाली. ही टोपी म्हणजे यांगबान, म्हणजे उच्चकुलीन विद्वान वर्गाची ओळख. टोपीखालून हनुवटीशी मण्यांची माळ लोंबते. मणी अंबराचे किंवा प्रवाळाचे असतील तर माणूस तालेवार. तोच गृहस्थ घरी बैठकीत बसला की बाहेरची टोपी काढून पर्वताच्या सुळक्यांसारखी पायऱ्यापायऱ्यांची उभी टोपी घालतो. म्हणजे तो आपल्याच घरात आहे, आणि समोर आलेला माणूस पाहुणा किंवा हाताखालचा आहे.

बांबूच्या पातळ कामट्यांची साधी, न रंगवलेली टोपी म्हणजे पेरेंगी. ती खालच्या थरातल्यांची. फिरत्या विक्रेत्यांच्या पेरेंगीवर कापसाचे गोळे लावलेले असतात, त्यावरून ते लगेच ओळखू येतात. कसाईकाम करणारे बेकजंग समाजात सगळ्यात खाली ढकललेले होते, त्यांना गात घालायची मुभा नव्हती. नव्या प्रेक्षकाला दोन टोप्या एकाच चौकटीत दिसतात तेव्हा त्यांच्यामध्ये केवढी भिंत उभी आहे ते जाणवत नाही. एकदा कळलं की मग जाणवत राहतं.

१८९५ साली सरकारनं सांगतू कापायचा हुकूम काढला तेव्हा देशभर संताप उसळला. शरीर, केस आणि त्वचा आई-वडिलांकडून मिळालेली, त्यांना धक्का लावणं हा मोठा दोष, अशी कन्फ्यूशियन शिकवण होती. त्या काळावरच्या मालिकेत एखाद्या पात्राचे आखूड केस दिसले तर ती फॅशन समजू नका. त्या माणसानं आपल्या जुन्या जगाशी नातं तोडलं आहे, किंवा त्याचं ते नातं कुणीतरी जबरदस्तीनं तोडलं आहे.

शोकात असलेल्यांची आणखी एक मोठी टोपी असते, खांद्यापर्यंत उतरणारी, चेहरा पूर्ण झाकणारी. आई-वडील गेले म्हणजे आपण अपराधी, जगाला तोंड दाखवू नये, अशी त्यामागची भावना. शोक करणाऱ्याला कुणी अडवून विचारत नसे. एकोणिसाव्या शतकात लपूनछपून कोरियात शिरलेल्या फ्रेंच मिशनऱ्यांनी हाच वेश घेतला होता. मालिकांमध्येही वेषांतरासाठी ही टोपी वापरतात. ती दिसली की टोपीखाली कोण आहे याचा अंदाज बांधायला लागा.

बायकांचं त्या मानानं सोपं. पाठीवर एक वेणी आणि टोकाला रिबीन असेल तर मुलगी अविवाहित. मानेवर अंबाडा आणि त्यात आडवी सळई असेल तर विवाहित. ही सळई म्हणजे बिन्यो. राणीच्या बिन्योला ड्रॅगनचं किंवा फिनिक्सचं डोकं असतं, गरिबाघरची बिन्यो लाकडाची. राजघराण्यातल्या आणि मानकरी घरातल्या बायकांच्या भांगावर पुढे एक छोटा दागिना बसवलेला दिसतो. राणीचा ड्रॅगनचा, मानकरी घरातल्या बायकांचा बेडकाच्या आकाराचा. कॅमेरा जवळ आला की बघा, फार सुंदर काम असतं.

केसांचे मोठाले टोप, ज्यांना गाचे म्हणतात, ते श्रीमंतीचं प्रदर्शन होतं. ते इतके महाग आणि वजनदार झाले की राजा योंगजोनं १७५६ मध्ये उच्चकुलीन बायकांना ते घालायला बंदी केली आणि त्याऐवजी छोटी मुकुटासारखी टोपी घालायला सांगितलं. गीसेंगांच्या, म्हणजे नृत्य-गायन करणाऱ्या कलावतींच्या डोक्यावर मात्र मालिकांमध्ये असा भलामोठा टोप हमखास दिसतो. भरजरी कपडे, सगळ्यात मोठा केशसंभार, आणि तरीही समाजात जागा खालची. गीसेंगाचं पात्र बघताना हा ताण डोळ्यांसमोर ठेवा. नुसत्या महाग कपड्यावरून दर्जा ठरवायला गेलात तर पहिली चूक इथेच होईल.

तिसरी पायरी: बंद आणि बाहीचं टोक

आता चोगोरीकडे या. विवाहित बाईच्या चोगोरीचे बंद जांभळट-तांबूस असतील तर तिचा नवरा हयात आहे. बाहीच्या टोकाला निळी पट्टी असेल तर तिला मुलगा आहे. आपल्याकडच्या कुंकवाच्या आणि मंगळसूत्राच्या जवळपास जाणारी ही खूण आहे. दोन जावा शेजारी बसल्या आहेत आणि एकीच्याच बाहीला निळी पट्टी आहे, असं दृश्य आलं तर सासू कुणाकडे बघून बोलतेय आणि दुसरी खाली मान घालून का बसलीय, हे आवाज न ऐकताही कळेल. सगळ्याच मालिका हा नियम काटेकोर पाळतात असं नाही, पण जिथे पाळला आहे तिथे दिग्दर्शकानं तो मुद्दाम पाळलेला असतो.

पिवळी चोगोरी आणि लाल चीमा हा अविवाहित मुलीचा ठरलेला जोड. हिरवी चोगोरी आणि लाल चीमा म्हणजे नवी नवरी.

आणि मग ती लाल पट्टी. राजवाड्यात मुली फार लहान वयात आणल्या जात. साधारण पंधरा वर्षांच्या सेवेनंतर त्यांचा एक विधी होई. केस वर बांधले जात, नवरीसारखे कपडे घातले जात, सगळी तयारी लग्नासारखी. नवरदेव तेवढा नसे. त्या दिवसापासून ती पूर्ण सेविका, आणि मनानं नाही तरी नियमानं राजाची. ही एक गोष्ट माहीत करून घेऊन ‘द रेड स्लीव्ह’ बघा. राजाची उपपत्नी होणं म्हणजे बढतीच की, मग डॉक-इम इतका काळ नाही का म्हणत राहते, असा प्रश्न मग पडणार नाही. ती लाल टोकाची बाही उतरवून भारी रेशीम अंगावर घेते तेव्हा तिचा दर्जा वाढतो आणि तिची मैत्रिणींमधली ऊठबस, तिची पुस्तकं, तिचा दिवस तिच्या हातून जातो. ज्यांनी ही मालिका बघितलेली नाही त्यांनी पुढचं एक वाक्य सोडून द्यावं. शेवटी तिच्या मागे राहिलेल्या वस्तूंमध्ये तोच सेविकेचा पोशाख राजाच्या हातात येतो, आणि अख्ख्या मालिकेत मला सगळ्यात जास्त रडवलं ते त्या कपड्यानं.

चौथी पायरी: दरबारातले रंग

दरबाराचं दृश्य आलं की लाल, निळे आणि हिरवे झगे घातलेले लोक रांगेत दिसतात. हा रंगांचा खेळ नाही, अधिकाराची उतरंड आहे. वरच्या श्रेणीचे अधिकारी लाल, मधले निळे, खालचे हिरवे. छातीवर चौकोनी भरतकाम असतं त्याला ह्युंगबे म्हणतात. त्यावर करकोचा असेल तर मुलकी अधिकारी, वाघ असेल तर लष्करी. दोन करकोचे असतील तर वरचा, एक असेल तर खालचा. वाघांचंही तसंच.

राजाचा झगा लाल. छातीवर, पाठीवर आणि दोन्ही खांद्यांवर सोनेरी गोलात ड्रॅगन. राजाच्या ड्रॅगनला पाच नखं, युवराजाच्या ड्रॅगनला चार. युवराजाचा झगा गडद निळा किंवा काळा. त्यामुळे कालचा युवराज आज लाल झग्यात सिंहासनाकडे चालत येतो ते दृश्य दिग्दर्शक भरपूर वेळ घेऊन दाखवतात. ‘द किंग्ज अफेक्शन’मध्ये जुळ्या भावाच्या जागी मुलगी युवराज म्हणून वाढते. तिथे तो गडद झगा तिचं संरक्षणही आहे आणि कैदही, आणि झगा उतरवायचा प्रत्येक प्रसंग जिवावरचा आहे.

पांढऱ्या रंगाबद्दल थोडं सावध राहा. सामान्य माणसं रोजच पांढरे, न रंगवलेले सुती किंवा तागाचे कपडे घालत, त्यामुळे पांढरं दिसलं की लगेच शोक समजू नये. शोकाचा कपडा जाडाभरडा, खरखरीत तागाचा असतो. पण एखादी राणी किंवा मोठा मंत्री पांढऱ्या साध्या कपड्यात, केस मोकळे सोडून, चटईवर महालासमोर बसला असेल तर तो राजापुढे आपला गुन्हा कबूल करून शिक्षा मागतो आहे. सगळे दागिने, सगळे रंग, डोक्यावरची टोपी किंवा अंबाडा बाजूला ठेवून तो म्हणतो आहे की माझा दर्जा मी खाली ठेवला. रात्र जाते, पाऊस पडतो, आणि माणूस हलत नाही. अशा दृश्यात घाई करून पुढे सरकू नका.

पाचवी पायरी: एक मालिका धडा म्हणून बघा

एकच मालिका घेऊन हे सगळं शिकायचं असेल तर मी ‘मिस्टर सनशाइन’ सुचवेन. २०१८ची मालिका, काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. १८९४ च्या सुधारणांनी जन्माधारित दर्जे कायद्यानं रद्द केलेले आहेत, पण लोकांच्या मनातून गेलेले नाहीत. जपानचा विळखा घट्ट होतो आहे. अशा वेळी पाच मुख्य पात्रं पाच वेगळ्या पोशाखांत समोर येतात.

यूजीन चोई गुलामाच्या पोटी जन्मला, लहानपणी अमेरिकेला पळाला आणि अमेरिकी मरीनचा अधिकारी होऊन परतला. त्याच्या अंगावर अमेरिकी गणवेश आहे. ज्या देशानं त्याला माणूस मानलं नाही तिथले लोक आता त्या गणवेशापुढे झुकतात. गू दोंग-मे बेकजंगाचा मुलगा, म्हणजे वर सांगितलेल्या, गात घालायची मुभा नसलेल्या समाजातला. तो जपानहून जपानी पोशाखात आणि कमरेला तलवार लावून येतो. कोरियन पोशाखात त्याला मान मिळणार नाही, हे त्याला लहानपणीच कळलेलं आहे. किम ही-संग श्रीमंत घरचा, जपानात राहून आलेला, पाश्चात्त्य सुटातला. कपड्यांत मौज करणारा, कारण आजोबा-वडिलांच्या पैशाचं ओझं त्याला दुसरीकडे कुठे उतरवता येत नाही. हॉटेलची मालकीण कुदो हिना पाश्चात्त्य गाऊनमध्ये. तिचं नाव जपानी, कपडे युरोपी, आणि जन्म कोरियन.

आणि गो ए-शिन. दिवसा ती उच्चकुलीन घरातली मुलगी आहे, पालखीतून जाते, हानबोक घालते. रात्री गडद रंगाचा पुरुषी सूट, चेहऱ्यावर फडकं आणि हातात बंदूक घेऊन छपरांवरून धावते. तिची आणि यूजीनची पहिली गाठ अशीच पडते, छपरावर, दोघांचे अर्धे चेहरे झाकलेले. समोरचा कोणत्या घराण्यातला, कोणत्या जातीतला, हे सांगणारं काहीही दोघांच्या अंगावर नाही. पुढे दिवसाउजेडी ते आपापल्या खऱ्या कपड्यांत भेटतात आणि त्यांच्यामधलं अंतर पुन्हा उभं राहतं. इतकी सुंदर मांडणी मी क्वचित बघितली आहे. एकदा गोष्टीसाठी बघा आणि दुसऱ्यांदा फक्त कोण कुणाचा पोशाख कधी घालतं ते टिपत बघा.

सहावी पायरी: आजच्या मालिकेत कायद्याऐवजी पैसा

आजच्या काळातल्या मालिकेत टोपी आणि झगा गेला तरी उतरंड जात नाही. शाळेचा गणवेश, ऑफिसात गळ्यात अडकवलेलं ओळखपत्र, कोट, बूट, ट्रॅकसूट या गोष्टींवर नजर ठेवा.

ट्रॅकसूट घेऊ. घरात पडून असलेला बेकार भाऊ, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा, यांचा हा ठरलेला वेश. म्हणून २०१० च्या ‘सीक्रेट गार्डन’मधला श्रीमंत नायक किम जू-वन चमचमत्या ट्रॅकसूटमध्ये येतो आणि समोरच्यांना त्याची किंमत कळत नाही, तेव्हा तो चिडून सांगतो की हा इटलीतल्या कारागिरानं एकेक टाका घालून बनवला आहे. ते वाक्य कोरियात सगळ्यांच्या तोंडी बसलं. तो माणूस किती हट्टी आहे, त्याला मान्यतेची किती भूक आहे आणि पैशाबाहेरची भाषा त्याला किती कमी येते, हे त्या एका कपड्यानं सांगितलं.

श्रीमंत घराण्यांच्या, म्हणजे चेबोल कुटुंबांच्या मालिकांत घरातली आजी किंवा सासू बघा. ती घरातल्या घरात, स्वतःच्या दिवाणखान्यात, बाहेर जायच्या तयारीत असल्यासारखी बसलेली असते. मोत्यांची माळ, घट्ट बसवलेले केस, बोटात मोठा खडा. तिच्यापुढे गरीब घरातली मुलगी साधा कोट आणि कापडी बूट घालून येते, आणि सासू तिला आधी पायांपासून वर बघते. कॅमेराही तसाच वर सरकतो. हा शॉट इतका ठरलेला आहे की तो नसेल तर मला चुकल्यासारखं वाटतं.

‘स्काय कॅसल’मध्ये हान सो-जिनचा एकेक कपडा तोलून-मापून निवडलेला आहे, कारण तिला आपलं मूळ लपवायचं आहे. शेजारीण तिची नक्कल करते, आणि तिच्या अंगावर तेच सगळं जरा जास्त रंगीत, जरा जास्त चमकदार होतं. मुलांना परीक्षेसाठी तयार करणारी किम जू-यंग मात्र पहिल्यापासून काळ्या कपड्यांत, केस चोपून मागे बांधलेले, एक बटही सुटी नाही. तिच्याशी तडजोड होणार नाही, हे तिनं तोंड उघडण्याआधीच कळतं.

‘द ग्लोरी’ची मून दोंग-उन करड्या, काळ्या, फिक्या रंगांत आणि लांब बाह्यांत फिरते. शाळेत तिला गरम कर्लिंग आयर्ननं भाजलेलं आहे. बाह्या ते डाग झाकतात. तिचा छळ करणारी पार्क योन-जिन टीव्हीवर हवामान सांगते, कॅमेऱ्यासाठी नटलेली, रंगीत, आखीवरेखीव. दोंग-उन एका माणसासमोर स्वतःहून ते डाग उघडे करते तो प्रसंग बघताना आतापर्यंतच्या सगळ्या लांब बाह्या आठवतात.

इथे माझ्या आवडीची एक जोडी सांगते. २००९ च्या ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’मधल्या गम जान-दीच्या घरचं कपडे धुण्याचं दुकान आहे. गोष्ट सुरूच होते ती श्रीमंतांच्या शाळेत एका मुलाचा धुतलेला गणवेश पोहोचवायला ती जाते तिथून. बाकी सगळी शाळा गणवेशात आणि ते चार लाडावलेले मुलगे मात्र आपल्या मर्जीच्या कपड्यांत, हाही त्या शाळेचा कायदा कोण चालवतं ते सांगतो. तेरा वर्षांनी आलेल्या ‘द ग्लोरी’त छळ करणाऱ्या टोळीतली चोई हे-जंगसुद्धा लाँड्रीवाल्यांच्याच घरची. दोघी लहानपणापासून दुसऱ्यांच्या महागड्या कपड्यांमध्ये वाढल्या. एकीला त्या कपड्यांचा धाक वाटत नाही. दुसरीला ते अंगावर हवेच असतात, आणि त्यासाठी ती वाटेल त्यांच्यापुढे कमीपणा घेते, वाटेल त्यात सामील होते.

पात्र आपल्या जागेवरून उचललं जातं तेव्हाही कपडे बघा. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’मध्ये फॅशन कंपनीची मालकीण यून से-री वादळात सापडून उत्तर कोरियात पडते आणि तिला खेड्यातल्या बायकांसारखं दिसावं लागतं. ‘क्वीन ऑफ टिअर्स’मध्ये डिपार्टमेंट स्टोअरवालं कुटुंब सगळं गमावून जावयाच्या गावी आश्रयाला जातं. अशा वेळी कोण नव्या कपड्यांत मोकळं होतं आणि कोण जुना कोट सोडत नाही, त्यावरून पुढे कोण बदलणार याचा अंदाज येतो.

लग्नाचं दृश्य आलं तर दोन विहिणी ओळखायची सोपी युक्ती आहे. आजही मुलाची आई सहसा निळ्या छटेचा हानबोक घालते आणि मुलीची आई गुलाबी छटेचा. अंत्यविधीला काळे कपडे, आणि घरातल्या मुख्य शोककर्त्याच्या दंडावर पट्टी. ती पट्टी कुणाच्या दंडावर आहे आणि कुणाच्या नाही, यावरून वारसाची भांडणं सुरू होतात.

‘स्क्विड गेम’बद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांनी बघितलेलं आहे. हिरव्या ट्रॅकसूटवर नाव नाही, नुसता आकडा. गुलाबी गणवेशातल्या रक्षकांच्या मुखवट्यावर गोल म्हणजे कामगार, त्रिकोण म्हणजे सैनिक, चौकोन म्हणजे वरिष्ठ. आता चौथ्या पायरीतले छातीवरचे करकोचे आणि वाघ आठवा. या मालिकेचे कपडे चो संग-ग्यंग यांनी केले. ‘इट्स ओके टू नॉट बी ओके’मधल्या लेखिकेचे चिलखतासारखे भव्य पोशाखही त्यांचेच.

सातवी पायरी: कुठे विश्वास ठेवू नये

कोरियात २०१० पासून मालिकांमध्ये पैसे घेऊन वस्तू दाखवायला परवानगी आहे. त्यामुळे गरीब नायिकेच्या खांद्याला महागडी पर्स दिसली तर तिच्यात गूढ अर्थ शोधू नका, ती प्रायोजकाची असू शकते. हे कपडे केवढा बाजार हलवतात त्याचं एक उदाहरण पुरेसं आहे. ‘माय लव्ह फ्रॉम द स्टार’मधल्या चन सोंग-ईसारखा कोट कोरियन संकेतस्थळांवरून घेता येत नाही, अशी चिनी चाहत्यांची अडचण २०१४ साली थेट राष्ट्राध्यक्षांच्या बैठकीत निघाली, आणि ऑनलाइन खरेदीच्या किचकट नियमांवर चर्चा झाली.

प्रायोजित कपडा ओळखायची माझी रीत अशी. पात्र तोच कोट पुन्हा घालतं का? गरिबाकडे कोट एकच असतो. दर दृश्यात नवा कोट असेल तर तो पात्राचा नाही. आणि एखादं पात्र तोच कोट पूर्ण हिवाळाभर घालत असेल तर त्या मालिकेच्या वेषभूषाकाराला मनापासून दाद द्या.

ऐतिहासिक मालिकांतही मोकळीक घेतलेली असते. जोसनच्या सुरुवातीला बायकांची चोगोरी कमरेपर्यंत लांब होती, ती आखूड होत गेली शेवटच्या शतकांत. पण प्रेक्षकांना आखूडच ओळखीची, म्हणून आधीच्या काळावरच्या मालिकांतही ती दिसते. इतपत चालून जातं. मात्र पोशाखाच्या बाबतीत कोरियन प्रेक्षक किती जागरूक आहे हे २०२१ साली दिसलं. ‘जोसन एक्झॉर्सिस्ट’ या मालिकेत चिनी धाटणीचे पदार्थ आणि वस्तू दिसल्यावर, कपड्यांवरही आक्षेप आल्यावर, इतका गदारोळ झाला की दोन भागांनंतर ती बंद करावी लागली.

आठवी पायरी: सराव

कुठल्याही मालिकेचा पहिला भाग घ्या. पहिली दहा मिनिटं आवाज आणि सबटायटल्स दोन्ही बंद. प्रत्येक नव्या पात्रासाठी वहीत एक ओळ लिहा: डोक्यावर काय, बाहीला काय, पायात काय, आणि समोरच्यापेक्षा वर की खाली. मग आवाज लावून तोच भाग पुन्हा बघा आणि किती बरोबर आलं ते तपासा. पहिल्या खेपेला सागुकमध्ये निम्मं चुकेल. तिसऱ्या मालिकेपर्यंत हात बसतो.

क्रम विचारलात तर मी आधी ‘द ग्लोरी’ सांगेन, कारण तिथे कपडे आपल्या ओळखीचे आहेत. मग ‘द रेड स्लीव्ह’, आणि दोन्ही झाल्यावर ‘मिस्टर सनशाइन’. सोलला जायचा योग आला तर हानबोक भाड्यानं घेऊन ग्योंगबोकगुंग राजवाड्यात जा. हानबोक घातलेल्यांना तिथे प्रवेश मोफत असतो. आरशासमोर ते दोन बंद स्वतःच्या हातानं बांधून बघा, आणि चीमा सावरत दगडी पायऱ्या चढून बघा. राण्या इतक्या हळू का चालतात ते कळेल.

आणि मालिका संपवताना एवढं करा. पहिल्या भागात नायिका पहिल्यांदा दिसते तिथे थांबून फोनवर एक फोटो काढून ठेवा. शेवटचा भाग लागला की तो फोटो शेजारी उघडा, आणि आधी तिच्या बाहीकडे बघा.